साक्षीदाराची परीक्षा

माझं नोकरीतलं सगळं आयुष्य दोन-दोन थेंबांच्या बाटल्या सांभाळण्यात गेलं, असं मी म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. बाटली म्हणायचं ते आपलं रूढीनं. वास्तविक ती करंगळीच्या दोन पेरांएवढी प्लॅस्टिकची नळी. तळाशी शंभर मायक्रोलिटर, म्हणजे साधारण दोन थेंब, पाण्यासारखा द्रव. रंग नाही, वास नाही. किंमत मात्र तीस-पस्तीस हजार रुपये! बेळगावला सुटीवर आले की आमच्या नात्यातल्या बायका विचारायच्या, "बेंगळुरात तू करतीस तरी काय गं?" मी बाटलीची हकिगत सांगायची आणि त्यांनी गालाला बोट लावून म्हणायचं, "अगं बाई, एवढ्यात तोळाभर सोनं आलं असतं की!"

या बाटलीत असतात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज. हा शब्द २०२० सालच्या करोनानंतर आपल्या घरोघरी पोचला. शरीरात परकं काही शिरलं की रक्त त्याला ओळखून धरणारी प्रथिनं तयार करतं, एवढं आता शाळकरी मुलंही सांगतात. पण संशोधनातल्या प्रतिपिंडांचं काम बरं करण्याचं नसून दाखवण्याचं असतं. एखाद्या प्रथिनाचा तुकडा सशाला टोचतात. सशाचं रक्त त्या तुकड्याला ओळखणारी प्रतिपिंडं बनवतं. ती रक्तातून वेगळी केली की झाला आपला साक्षीदार तयार. पेशीत हजारो प्रथिनांची गर्दी असते. त्या गर्दीत आपलं प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. मग हा साक्षीदार आत सोडायचा. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा असतो. त्याच्या दोन हातांनी तो आपल्या प्रथिनाला धरतो आणि त्याच्या शेपटाला आपण उजेड देणारा दिवा बांधतो. दिवा जिथं लागेल तिथं आपलं प्रथिन. निदान तसं आपण मानतो. या ‘मानतो’पाशीच सगळी मेख आहे, आणि तिच्याविषयीच मला आज लिहायचं आहे.

माझ्या वाट्याला जी बाटली सर्वांत अधिक आली ती क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची. क्लॅथ्रिनचं काम पेशीच्या गिळण्याशी निगडित आहे. पेशीला तोंड नाही. मग ती बाहेरचं लोह, कोलेस्टेरॉल, संप्रेरकं आत कशी घेते? तिच्या आवरणाला एका जागी आतल्या बाजूनं खळगा पडतो, खळगा खोल होत जातो, त्याच्या कडा जुळतात आणि एक इवलीशी पुडी तुटून आत जाते. करंजी करताना पारीत सारण भरून आपण कडा मुडपतो आणि कातण्यानं कापून वेगळी करतो, तसंच काहीसं. शास्त्रात याला एन्डोसायटोसिस म्हणतात. प्रत्येक पेशी हे अहोरात्र करीत असते.

पहिल्यांदा हे खळगे नीट ओळखले गेले ते डासांमुळे. १९६४ साली रॉथ आणि पोर्टर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एडिस इजिप्ती डासाची मादी रक्त प्यायल्यावर तिच्या वाढत्या अंड्यात काय होतं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. डेंग्यू पसरवणारा तो हाच डास. अंड्याच्या आवरणावर केसाळ अस्तर असलेले खळगे एकदम वाढले होते, आणि अंडं त्यांच्यातून पोषक प्रथिन आत ओढून घेत होतं. ते अस्तर कशाचं, हे कळायला आणखी बारा वर्षं जावी लागली. केंब्रिजच्या बार्बरा पिअर्स यांनी डुकराच्या मेंदूतून या पुड्या शुद्ध स्वरूपात वेगळ्या केल्या आणि १९७६ साली अस्तरातल्या प्रथिनाला नाव दिलं क्लॅथ्रिन. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ जाळीदार. क्लॅथ्रिनचा एकेक रेणू म्हणजे गुडघ्यात वाकलेल्या तीन पायांची तिवई. अशा अनेक तिवया पायांत पाय अडकवून पंचकोन-षट्कोनांची जाळी विणतात. आपल्याकडे बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील करतात ना, कागद चिकटवण्याआधी त्याचा सांगाडा कसा दिसतो? तसा.

याचं महत्त्व काय, असं कुणी विचारील. डॅलसच्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन या डॉक्टरद्वयीनं ते दाखवलं. काही घराण्यांत लहानपणापासूनच रक्तातलं कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं असतं आणि ऐन तारुण्यात हृदयविकार गाठतो. त्यांतल्या काही रुग्णांच्या पेशी कोलेस्टेरॉलचे कण पकडतात, पण ते पकडणारे हात क्लॅथ्रिनच्या खळग्यांत गोळाच होत नाहीत. माल दारात येऊन पडतो, आत जात नाही. या कामासाठी दोघांना १९८५ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

या कथेला आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. व्हँकूवरच्या प्रयोगशाळेत १९७३ च्या सुमारास फळमाश्यांचा एक विचित्र वाण सापडला. उष्णता तीस अंशांच्या आसपास गेली की त्या लुळ्या पडत, थंड केलं की उठून उडू लागत. नाव पडलं ‘शिबिरे’. जपानीत त्याचा अर्थ बधिर, लुळा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ओबेद सिद्दिकी यांनी सेमूर बेंझर यांच्यासह १९७६ साली अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांच्या मज्जातंतूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हेच सिद्दिकी पुढे बेंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे संस्थापक झाले. ‘शिबिरे’चं गूढ उकललं ते १९९१ साली. त्या माश्यांत बिघडलेलं प्रथिन डायनॅमिन होतं, म्हणजे करंजीची कड कापून पुडी मोकळी करणारं कातणं! कातणं अडलं की पुडी तुटत नाही, मज्जातंतूंच्या टोकाशी निरोपाच्या नव्या पुड्या भरत नाहीत, आणि माशी कोसळते. एवढ्याशा मुडपण्या-कापण्यावर जिवाचं हलणं-चालणं अवलंबून असतं.

आता पुन्हा बाटलीकडे वळते.

क्लॅथ्रिन पेशीत किती आहे हे पाहायची आमची नेहमीची पद्धत म्हणजे वेस्टर्न ब्लॉट. (साउदर्न आडनावाच्या शास्त्रज्ञानं डीएनएसाठी काढलेल्या पद्धतीला साउदर्न ब्लॉट म्हणत, म्हणून प्रथिनांच्या पद्धतीला कुणीतरी गमतीनं वेस्टर्न म्हटलं, तेच चिकटलं.) पेशी फोडायच्या, त्यांतली प्रथिनं साबणासारख्या रसायनात उकळून सरळ करायची आणि जेलीच्या पातळ थरात वरून सोडून वीज लावायची. लहान प्रथिनं भराभर खाली पळतात, मोठी वर रेंगाळतात. क्लॅथ्रिनची मोठी साखळी जवळजवळ एकशे नव्वद किलोडाल्टनची, म्हणजे ती वरच्या अंगालाच थांबणार. मग ही सगळी प्रथिनं जेलीवरून पांढऱ्या कागदावर उतरवून घ्यायची. कागदाच्या रिकाम्या जागी प्रतिपिंड उगीच चिकटू नये म्हणून तो तासभर दुधात बुडवून ठेवायचा. हो, दुधातच! साय काढलेली दूध पावडर, पाण्यात पाच टक्के. पहिल्या वेळी मला हसूच आलं. एवढ्या महागड्या शास्त्राला शेवटी वाण्याच्या दुकानातली पावडर! त्यानंतर प्रतिपिंड हजारपट पातळ करून रात्रभर थंडीत ठेवायचं, सकाळी तीनदा धुवायचं, दिवा बांधलेलं दुसरं प्रतिपिंड लावायचं आणि अंधाऱ्या खोलीत फिल्मवर रेघ उमटते का ते पाहायचं. अंधारात ती काळी रेघ हळूहळू वर येताना पाहणं यात काय आनंद आहे, हे शब्दांत सांगता येणार नाही.

पण रेघ दिसली म्हणजे ती क्लॅथ्रिनचीच, हे कशावरून?

आमचे अण्णा बेळगावच्या कोर्टात शिरस्तेदार होते. बत्तीस वर्षं त्यांनी मराठीत बोलणारे, कानडीत बोलणारे, दोन्हींची खिचडी करून बोलणारे साक्षीदार ऐकले. मी नोकरीला लागून वर्ष झालं असेल. गणपतीत घरी आले होते. पडवीत चहा घेत त्यांनी विचारलं, "तुझं ते पिंड का काय, ते माणूस दाखवतं म्हणतीस. खरं दाखवतं कशावरून?" मी म्हटलं, "अण्णा, जिथं प्रथिन आहे तिथं रेघ येते." ते हसले. "ती तर खोटा साक्षीदारपण आणतो. पढवून आणलेल्याला विचार, भांडणात रामा होता? होता. शिवा होता? होता. मग हुशार वकील काय करतो ठाऊक आहे? त्या दिवशी जो हुबळीला होता, त्याचं नाव घेतो. गणपा होता का? साक्षीदार म्हणाला होता, तर संपली त्याची साक्ष. म्हणाला नाही, तो नव्हता, तर मग त्याचं बाकीचं ऐकून घ्यायचं. माणूस काय बघितलं म्हणतो त्याच्यावरनं नाही, काय बघितलं नाही म्हणतो त्याच्यावरनं त्याचं खरेपण कळतं."

अण्णांना जीवशास्त्रातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. पण आमच्या क्षेत्रातल्या सर्वांत मोठ्या नियमाचा अर्थ त्यांनी चहाच्या एका कपात सांगून टाकला. प्रतिपिंडाची खरी परीक्षा प्रथिन जिथं आहे तिथं होत नाही. जिथं ते नाही, तिथं होते. तिथं त्यानं गप्प राहायला हवं.

क्लॅथ्रिन नसलेली पेशी मिळवणं सोपं नाही, कारण त्याच्यावाचून ती फार दिवस तग धरत नाही. पण १९९८ साली फायर आणि मेलो यांनी आरएनएच्या तुकड्यांनी एखाद्या जनुकाचा निरोप अडवण्याची युक्ती प्रसिद्ध केली (त्यांना २००६ चं नोबेल मिळालं), आणि पुढं ती माणसाच्या पेशींतही वापरता येऊ लागली. निरोप अडवून तीन दिवस थांबलं की पेशीतलं क्लॅथ्रिन जवळजवळ संपतं. मग फिल्मवर दोन रांगा शेजारी शेजारी लावायच्या. एकीत साध्या पेशी, दुसरीत क्लॅथ्रिन संपवलेल्या. पहिलीत रेघ हवी, दुसरीत जागा रिकामी हवी. या दुसरीला मी ‘गणपाची रांग’ म्हणायची. नवी बाटली आली की तिच्यावर तारीख आणि लॉटचा क्रमांक लिहायचा, आणि गणपाची रांग लावल्याशिवाय ती कुणाच्या हाती द्यायची नाही, हा माझा शिरस्ता. पुष्कळ जण वैतागत. एका चाचणीत दोन दिवस जातात आणि हाती नवं काही लागत नाही.

२०११ साली संस्थेतल्याच दुसऱ्या प्रयोगशाळेत माझी बदली झाली. तिथं धारवाडकडची एक मुलगी पीएच.डी. करीत होती. हुशार, अबोल, हाताची अतिशय स्वच्छ. एका औषधाच्या परिणामानं पेशीतलं क्लॅथ्रिन कमी होतं का, हा तिचा प्रश्न. सहा महिन्यांच्या फिल्म तिनं वहीत तारीखवार चिकटवल्या होत्या. निष्कर्षही लिहून झाला होता: काही फरक पडत नाही. शिष्यवृत्ती मार्चअखेर संपणार होती.

मी कपाटातल्या बाटल्यांची यादी करताना पाहिलं. तिची चालू बाटली त्याच कंपनीची, त्याच क्रमांकाची, पण लॉट वेगळा. सुरुवातीची परीक्षा तिनं आधीच्या बाटलीवर केली होती आणि ती चोख उतरली होती. नाव तेच, क्रमांक तोच, मग पुन्हा कशाला, असा त्या प्रयोगशाळेचा रिवाज. मी म्हटलं, दोन दिवस दे, एकदा गणपाची रांग लावू.

अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघीच होतो. फिल्म वर आली. पहिल्या रांगेत रेघ. दुसऱ्या रांगेतही रेघ, तितकीच काळी, त्याच उंचीवर. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग कानडीतच हळू म्हणाली, "अक्का, इदु खाली इरबेकित्तल्ला?" म्हणजे, हे रिकामं असायला हवं होतं ना?

आता शंका अशी की, क्लॅथ्रिन संपलंच नसेल तर? त्याचीही शहानिशा केली. लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन क्लॅथ्रिनच्याच वाटेनं पेशीत शिरतं. त्याला चमकता रंग लावून सोडलं, तर साध्या पेशींत ते आत गेलं आणि संपवलेल्या पेशींत दारातच थांबलं. म्हणजे गणपा खरोखरच हुबळीला होता. जुन्या बाटलीच्या तळाशी थोडंसं उरलं होतं, ते लावलं, तर दुसरी रांग जवळजवळ कोरी. नवा साक्षीदार तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्याच कुणाला तरी धरून ‘हाच तो’ म्हणत होता. कंपनीला लिहिलं. उत्तर सभ्य होतं. जुन्या सशाचा साठा संपला, हा दुसऱ्या सशाचा, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, बदली बाटली विनामूल्य पाठवतो. बाटली विनामूल्य आली. सहा महिने कोण पाठवणार?

त्या आठवड्यात सल्ले पुष्कळ मिळाले. कुणी म्हणालं, जुन्या बाटलीवरची चोख परीक्षा आहेच, तीच छापा, क्रमांक तर एकच आहे. हे खोटं आहे असं कुणी सिद्धही करू शकलं नसतं. ती मुलगी दोन दिवस कामावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, वहीतल्या सहा महिन्यांच्या पानांवर पेन्सिलीनं तिरपी रेघ मारली, फाडलं काहीच नाही, आणि म्हणाली, "अक्का, पेशी कधी लावायच्या?"

या वेळी आम्ही मोनोक्लोनल प्रतिपिंड घेतलं. १९७५ साली केंब्रिजच्या ज्या प्रयोगशाळेत बार्बरा पिअर्स क्लॅथ्रिनच्या पुड्या वेगळ्या करीत होत्या, त्याच प्रयोगशाळेत त्याच वर्षी कोहलर आणि मिल्स्टाईन यांनी ही युक्ती काढली. प्रतिपिंड बनवणारी एकच पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडायची, म्हणजे ती अमर होऊन एकाच जातीचं प्रतिपिंड वर्षानुवर्षं देत राहते. ससा बदलण्याचा प्रश्न नाही. दोघांना १९८४ सालचं नोबेल मिळालं. क्लॅथ्रिनसाठी फ्रान्सिस ब्रॉडस्की यांनी १९८५ साली अशी प्रतिपिंडं प्रसिद्ध केली. त्यांतलं ‘एक्स २२’ आजही जगभर वापरतात. पण तेही काचपट्टीवरच्या, घडी न मोडलेल्या क्लॅथ्रिनसाठी. उकळून सरळ केलेल्या प्रथिनासाठी आम्हाला दुसरं घ्यावं लागलं. एखादा माणसाला चेहऱ्यावरून ओळखतो, दुसरा आवाजावरून. ज्याला जे येतं तेच त्याला विचारावं.

मुलीनं दोन महिने बिनपगारी काम केलं. निकाल आला तो आधीच्या उलट. औषधानं क्लॅथ्रिन जवळजवळ निम्मं होत होतं. आधी फरक दिसत नव्हता तो का, हेही मग उघड झालं. खोटा साक्षीदार ज्याला धरून बसला होता, त्या प्रथिनावर औषधाचा काही परिणामच नव्हता.

ही एका प्रयोगशाळेची गोष्ट असती तर मी लिहिलीही नसती. पण मॉन्ट्रियलच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं एका गटानं पासष्ट प्रथिनांसाठी बाजारात मिळणारी ६१४ प्रतिपिंडं घेतली आणि ज्या पेशींतून ते जनुकच काढून टाकलं आहे, अशा पेशींवर त्यांची परीक्षा केली. म्हणजे गणपाचीच रांग! २०२३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक प्रतिपिंडं एका ना एका कसोटीत नापास झाली, आणि नापास झालेल्यांतली अनेक आधीच कितीतरी शोधनिबंधांत वापरली गेली होती. जनुकाचा क्रम लिहून ठेवून कारखान्यात बनवलेली, प्राण्याची गरज नसलेली प्रतिपिंडं त्यांत सरस ठरली. कंपन्यांनीही काही बाटल्या बाजारातून काढून घेतल्या. हे पुष्कळ आधी व्हायला हवं होतं, पण झालं हे चांगलं झालं.

आपण दोन भाषांच्या मुलखात राहणारी माणसं. एकानं सांगितलेलं दुसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मधल्या माणसावाचून आपलं चालत नाही, आणि त्याच्यावर डोळे मिटून विश्वासही टाकता येत नाही. शास्त्रज्ञाचं तरी दुसरं काय असतं? पेशीच्या आतलं जग त्याला स्वतःच्या डोळ्यांनी कधीच दिसत नाही. मधे कुणीतरी सांगणारा लागतोच. त्याला गणपाविषयी विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं नव्हे. त्याच्या शब्दावर कुणाच्या तरी आयुष्याची वर्षं उभी राहणार आहेत, म्हणून तेवढे दोन दिवस द्यायचे असतात.

अण्णा २०१४ साली गेले. ती मुलगी आता एका विद्यापीठात शिकवते. तिच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात ती रेघ उमटवायला लावत नाही, रिकामी रांग रिकामी आणायला लावते. मुलं कुरकुरतात, म्हणे. ती त्यांना कानडीत हुबळीच्या गणपाची गोष्ट सांगते.